उष्टा तांब्या

अन्याय कुणावर झाला ते आधी सांगते, मग बाकीचं. अन्याय अक्कावर झाला. लातूर उस्मानाबादेतून फुटून नुकता वेगळा जिल्हा झाला होता. मृग कोरडा गेला होता, आर्द्रा कोरड्या चालल्या होत्या. त्या आर्द्रांतल्या एका सोमवारी सकाळी टँकर येऊन गेला, आणि तासाभरात आमच्या गल्लीचा काठोकाठ भरलेला हौद बुडाचा दट्ट्या काढून गटारीत सोडून देण्यात आला. कारण एकच. अक्कानं त्यात स्वतःच्या हातानं तांब्या बुडवला होता. अख्ख्या गल्लीच्या तोंडचं पाणी त्या दिवशी खरोखरच पळालं, आणि ते कुणी पळवलं हे सगळ्यांनी उभं राहून पाहिलं. ज्यांनी सोडलं त्यांनी त्याला 'हौद धुणं' असं नाव दिलं. मी त्याला विटाळ म्हणते. तुम्हीही तेच म्हणा, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल.

अक्काचं खरं नाव मी लिहिणार नाही. तिचीच ताकीद आहे. "नाव लिव्हलंस की लोक आडनाव बघत्यात, आडनाव बघितलं की पुढचं वाचत न्हाईत."

मी किनवटची. बाप वनखात्यात वॉचर, मी निवासी शाळेत शिकलेली. दहावीला चांगले मार्क पडले आणि लातूरच्या कॉलेजात सायन्सला नंबर लागला. जिल्हा नवा, त्यामुळं मुलींचं वसतिगृह अजून कागदावरच होतं. आमच्या शाळेच्या गृहप्रमुख बाईंची एक मैत्रीण लातूरच्या टेलिफोन एक्सचेंजात ऑपरेटर होती. बाई म्हणाल्या, "तिच्याकडं राहा. थोडी विचित्र आहे, पण आपलीच आहे." आपली म्हणजे छप्पन साली बापानं दीक्षा घेतलेल्या घरातली. आम्हीही तसेच.

किनवटहून निघालेली एस.टी. नांदेड सोडून लोह्याच्या पुढं गेली तशी झाडं संपत गेली. जंगलात वाढलेल्या पोरीला झाड नसलेला मुलूख म्हणजे परदेशच. अहमदपूरच्या स्टँडवर माणसं रिकामे तेलाचे डबे घेऊन गाडीत चढली आणि कंडक्टरनं डब्यांवरून त्यांच्याशी भांडण केलं. डबे कशाला, हे मला लातूरला उतरल्यावर कळलं.

दार अक्कानं उघडलं. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, आणि डोक्यावर हेडफोनच्या पट्टीनं पाडलेली आडवी खोबण. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती खोबण बुजत नसे. तिनं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आत गेली, तांब्या भरून आणला, माझ्यासमोर उभं राहून त्याला तोंड लावून एक मोठा घोट घेतला आणि तोच तांब्या माझ्या हातात दिला.

मी बघत राहिले. पाहुण्याला उष्टं द्यायचं? आमच्या झोपडीतसुद्धा कुणी असं केलं नसतं.

"उष्टं हाय का, असं वाटूलालंय ना तुला? उष्टंच हाय. पी."

मी प्यायले.

"आता सांग, कोण गावची?"

त्या घरात येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत असंच होई. पोस्टमन असो, एक्सचेंजचा साहेब असो, भीमजयंतीच्या वर्गणीला आलेली पोरं असोत. आधी अक्काचा घोट, मग तांब्या हातात, मग विचारपूस. काही जण 'आत्ताच पिऊन आलो' म्हणत. अक्का त्यांना बसायला सांगत नसे.

पहिल्या आठवड्यात आमचं एकमेकींशी धड बोलणं होईना. लातूरकर 'करूलालीस' म्हणणार, आम्ही किनवटकडं 'करून राहिली'.

"का करूलालीस गं?"

"अभ्यास करून राहिले."

"राहिला तर राहिला. आता कर की."

मी 'हो'साठी 'हाव' म्हणायची, ते तर तिला अजिबात खपत नसे. "जेवलीस?" "हाव." "कशाची हाव सुटलीय तुला सारखी? फोनवर असं बोललीस तर समोरची पार्टी घाबरंल. व्हय म्हणावं." मी दिवसभर 'व्हय' घोकायची आणि झोपेत 'हाव' म्हणायची.

पार्टी हा तिचा शब्द. फोनच्या त्या टोकाला असेल ती पार्टी, आणि घरात नवरा तो पार्टी. "पार्टी, ताट वाढलंय." नवरा बांधकाम खात्यात पेंटर होता. कमी बोलायचा. जिल्हा बदलल्यापासून त्याला एकच काम होतं, फाट्याफाट्यावरच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून 'जि. लातूर' लिहिणं. घरात कायम टर्पेंटाइनचा वास. जेवताना तो बोटानं ताटात 'लातूर'चा 'ला' गिरवायचा आणि अक्का म्हणायची, "पार्टी, भात हाय तो, बोर्ड न्हाई."

आणि तीन मिनिटं. त्या काळात ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मधे येऊन विचारणार, वाढवायचा का? अक्का हे घरातही करायची. शेजारीण सासूच्या तक्रारी घेऊन आली, नणंद रडत आली, एक्सचेंजचा साहेब देशाचं कसं होणार ते सांगायला बसला, की अक्का भिंतीवरच्या घड्याळाकडं न बघताच म्हणे, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं असंल तर कारण सांगा." गंमत अशी की बहुतेकांकडं कारण नसायचं. माणसं किती बिनकारण बोलतात हे मी त्या घरात शिकले. आज माझी भाषणं छोटी असतात ती त्यामुळं.

आता हौद.

नळ आटले तसा नगरपालिकेचा टँकर गल्लीत यायला लागला. गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा हौद होता, एका आडत दुकानदार शेठच्या फाटकासमोर. हौद पालिकेचा, पण फाटक शेठचं, त्यामुळं व्यवस्था शेठनं आपल्याकडं घेतलेली. हौदावर 'सार्वजनिक हौद' अशी तांबड्या अक्षरांची पाटी. ती अक्काच्या पार्टीनंच कधीतरी रंगवली होती. शेठ गोड माणूस. आवाज कधी चढवायचा नाही. त्यानं ठरवलं की गल्लीतल्या सगळ्यांनी हौदातून आपापलं पाणी काढावं, फक्त टोकाच्या घरांनी घागरी खाली जमिनीवर रांगेत ठेवाव्यात. शेठचा गडी ओट्यावर उभा राहून बादलीनं वरून घागरी भरून देईल. गर्दी नको म्हणून. शिस्त म्हणून.

टोकाची घरं कुणाची ते सांगायला हवं का? आमची. सगळी सरकारी नोकरीतली, पांढऱ्या कपड्यातली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावलेली. शेठच्या तोंडातून जातीचा शब्द एकदाही निघाला नाही. 'शिस्त' एवढाच शब्द निघाला. आणि आमच्यातल्या बाकीच्यांनी तहानेपुढं मान खाली घालून घागरी ठेवल्या. मी त्यांना नावं ठेवणार नाही. लेकरांची तोंडं कोरडी होती.

अक्कानंही घागर ठेवली. उपडी.

गडी गोंधळला. हाताच्या सवयीनं त्यानं बादली ओतली. पाणी घागरीच्या बुडावर फुटून चौफेर उडालं.

"अहो अक्का, पाणी वाया चाललंय!" शेठ म्हणाला.

"वरून टाकल्यावर वायाच जातंय शेठ."

"तुम्हाला पाणी घ्यायचं की नाही?"

"घ्यायचंय की. माझ्या हातानं."

"शिस्त आहे ती."

"शिस्त हाय? मग तुमची बी घागर ठिवा खाली. तुमची बी वरून भरू."

शेठ हसला आणि पुढच्या घागरीकडं वळला. अक्का उपडी घागर तशीच काखेत घेऊन घरी आली.

त्या दुपारी, घशाला कोरड पडलेली असताना, तिनं मला उष्ट्या तांब्याचं कारण सांगितलं. तीन मिनिटांच्या आत. उदगीरकडच्या तिच्या गावच्या शाळेत शिपाई तिच्या वस्तीतल्या पोरांना वरून पाणी ओतायचा, ओंजळीत. "ओंजळीत पाणी पुरत न्हाई गं. निम्मं तोंडात जातंय, निम्मं कोपरानं खाली. माझा झगा सदा वला. मास्तर म्हणायचे, धांदरट हाय पोरगी. मी धांदरट नव्हते. मी अख्खं ल्हानपण निम्म्या तहानंनं काढलंय." मग चष्मा पुसून म्हणाली, "तवाच ठरवलं. माझ्या दारात आलेल्याच्या हातात भांडं देणार. आणि आधी मी पिणार. ज्याला माझं उष्टं चालत न्हाई, त्याला मी चालत न्हाई. त्याचा बी टाइम वाचतो, माझा बी."

पुढचे दिवस आम्ही हौदाचं पाणी घेतलं नाही. पार्टी सायकलच्या कॅरिअरवर तेलाचा डबा बांधून खात्याच्या गोदामातल्या विहिरीवरून गढूळ पाणी आणायचा. ते फडक्यानं गाळायचं, उकळायचं, तुरटी फिरवायची. अंघोळ हा शब्द आम्ही विसरलो. कॉलेजात बाईंनी पहिल्याच आठवड्यात पाणी कशाचं बनलेलं असतं ते शिकवलं आणि मला हसू फुटलं.

टँकरचा ड्रायव्हर औशाकडचा एक म्हातारा चाचा होता. अक्का घागर रोज रांगेत उपडीच ठेवून यायची, ती त्यानं पाहिली.

"क्या अक्का, घागर उल्टी कायकू?"

"सुलटी करणारा कुणी दिसंना चाचा."

त्याला उलगडलं. म्हणाला, "कल तुमारे घर के सामने पैले रोकतूं. पाइपच हात में देतूं."

पाइप हातात! माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आणि ही बाई म्हणते, "नको चाचा. मला वेगळं पाणी नको. हौदातलंच पाहिजे."

त्या क्षणी मला ती वेडी वाटली. वेडीच होती. पण तिचं वेड हिशेबाचं होतं, हे मला नंतर समजलं.

मग तो सोमवार. टँकर हौद भरून गेला. अक्कानं घागर घेतली नाही, फक्त तांब्या घेतला. ड्युटीवर जायची इस्त्रीची साडी नेसली होती. सरळ ओट्याच्या पायऱ्या चढली. गडी बादली घेऊन बाजूला झाला, त्याला कुणी काय करायचं ते सांगितलंच नव्हतं. अक्कानं वाकून तांब्या बुडवला. भांडं भरताना होतो तो गुडगुड आवाज गल्लीभर ऐकू गेला, इतकी शांतता. तिनं तोंड लावून घोट घेतला. मग तांब्या पुढं धरला, शेजारी उभ्या असलेल्या मधल्या घरातल्या काकूसमोर. काकूची लेक बाळंतपणाला आलेली. काकूचा हात अर्धा वर आला आणि तसाच पदर सावरायला गेला.

मी पुढं झाले आणि उरलेलं सगळं प्यायले. गोड होतं हो ते पाणी. क्लोरिनचा वास असूनही गोड.

शेठ फाटकातून बाहेर आला. आवाज तोच, मऊ. "साथीचे दिवस आहेत. हौद धुवून घ्यायला पाहिजे."

"मालक, आत्ताच भरलंय की वो," गडी म्हणाला.

"काढ दट्ट्या."

गड्यानं काढला. पाणी गटारीतून धावलं, चिमण्या धावल्या, कुत्री धावली. बायका बादल्या घेऊन गटारीपर्यंत पळाल्या आणि गटार बघून थांबल्या. पोरं रडायला लागली. अक्का शेवटची धार थांबेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग तांब्या पालथा करून झटकला आणि म्हणाली, "लाइन कट केली त्यांनी. ट्रंकेत असं व्हतंच. पुन्हा लावायची." आणि ड्युटीवर निघून गेली.

मी घरी येऊन हमसून हमसून रडले. तीन मिनिटांहून पुष्कळ जास्त. मला थांबवायला ती घरात नव्हती.

संध्याकाळी पार्टी कामावरून आला. काय झालं ते त्यानं ऐकून घेतलं, चहासुद्धा न घेता तांबड्या रंगाचा डबा आणि ब्रश उचलला आणि हौदावर गेला. पाटीवरचा 'सार्वजनिक' हा शब्द उन्हानं उडाला होता. तेवढाच शब्द त्यानं पुन्हा रंगवला. ठळक. शेठ फाटकात उभा राहून बघत होता. पार्टी त्याला म्हणाला, "पुसट झालं होतं." एवढंच बोलला.

लातूरला पाणी नाही ही बातमी एस.टी.च्या कंडक्टरांनी किनवटपर्यंत पोचवली होती. बुधवारी बाबांनी पोस्टातून एक्सचेंजला कॉल लावला. अक्कानं निरोप धाडून मला बोलावून घेतलं, बाहेरच्या लाकडी केबिनमध्ये बसवलं आणि स्वतः आत बोर्डावर गेली.

"बाई, पाणी देऊन राहिले का तुले तिथं?" बाबांचा आवाज नांदेडातून, परभणीतून, कुठून कुठून खरखरत येत होता.

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"नसंल देत तर ये वापस. शिक्षणाचं पुढच्या साली पाहू."

पुढच्या साली म्हणजे कधीच नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझ्या मोठ्या बहिणीचं 'पुढचं साल' अजून आलेलं नाही, तिला दोन लेकरं आहेत. मी 'येते' म्हणाले असते तर हे पत्रक तुम्ही आज वाचत नसता. आणि घशाची कोरड अशी होती की 'येते' हा शब्द जिभेवर आला होता.

"बाबा, हौदाचं नाही देत. वरून ओततात, म्हणून आम्ही घेत नाही. पण अक्का देते. उष्टं देते."

"कोणाचं उष्टं?"

"तिचं. आधी थे पिते, मंग तांब्या हातात देते. सगळ्यायले."

"हातात?"

"हाव. हातात."

पलीकडं नुसती खरखर. माझा बाप जंगलात साहेबांच्या मागं पाण्याची पिशवी वाहायचा आणि स्वतः ओढ्यावर ओणवा होऊन प्यायचा. तो काय आठवत होता ते मला केबिनमध्ये बसून दिसत होतं.

मग मधे अक्काचा ड्युटीवरचा स्वच्छ आवाज आला. "तीन मिनिटं झाली, किनवट." मी रिसीव्हर ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "वाढवते."

कारण न विचारता तिनं वाढवलेला मी ऐकलेला हा एकच कॉल.

"तुम्ही कोण, बाई?" बाबांनी विचारलं.

"ऑपरेटर."

"पोरगी राहू द्या तिथंच."

"हाव," अक्का म्हणाली.

टँकर मंगळवारी-बुधवारी फिरकलाच नाही, गुरुवारी आला. अक्का पुन्हा तांब्या घेऊन निघाली, या वेळी मी घागर घेऊन तिच्या मागं. शेठ हौदासमोर उभा होता आणि गडी दट्ट्यापाशी उकिडवा बसला होता. अक्कानं तांब्या बुडवला. गुडगुड. घोट घेतला. शेठनं गड्याकडं नुसतं पाहिलं.

आणि मधल्या घरातली काकू, तीच, पदर खोचून गडी आणि दट्ट्या यांच्यामधे जाऊन बसली. "शेठ, दट्ट्याला हात लावाल तर बघा. बाटलं तर बाटलं. माझ्या घरी वली बाळंतीण हाय!" तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. "आमाला प्यायचंय वो शेठ, पूजा करायची न्हाई!"

कृपा करून याला समता म्हणू नका. ती तहान होती. पण अक्कानं तहानेचाच हिशेब केला होता. नंतर मला म्हणाली, "दुष्काळात पाणी एकदाच सांडता येतंय गं, दोनदा न्हाई. पावसाळ्यात तांब्या बुडवला असता तर त्यांनी रोज सांडलं असतं." दुष्काळ हा आपल्यावर येतो एवढंच मला माहीत होतं. त्याला कामाला लावता येतं, हे मी या बाईकडून शिकले.

शेठ बोलायला लागला. गल्लीची परंपरा, आरोग्य, एकोपा, बाहेरून आलेली माणसं, नव्या जिल्ह्याची शोभा. अक्का तांब्या हातात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "तीन मिनिटं झाली शेठ. वाढवायचं असंल तर कारण सांगा."

शेठनं तोंड उघडलं.

सगळी गल्ली बघत होती. कारण त्याच्याकडं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं. पण ते चारचौघांत, दिवसाउजेडी, तोंडानं म्हणायचं होतं, आणि 'शिस्त' सोडून दुसरा शब्द त्याला सापडेना. तो तसाच तोंड उघडं ठेवून उभा राहिला आणि मग फाटकात गेला. मी घागर हौदात बुडवली, माझ्या हातानं भरली आणि डोक्यावर घेतली. तिचं वजन मला आजही मानेत जाणवतं.

अक्काची माफी कुणी मागितली नाही. पुढं पाऊस पडला, मग नळ आले, हौद कोरडा पडला, तांबडा शब्द पुन्हा उडाला. मी तिच्या घरी राहून बारावी झाले, मग पदवीही. काकू अक्काशी गोड बोलायची, वाटीभर साखर न्यायची. पण अक्काचा तांब्या तिनं कधी तोंडाला लावला नाही. ते काम राहिलंय.

ते तुम्हाला सांगते. मी आता सभा घेते. लोक टाळ्या वाजवतात, मग घरी चहाला नेतात. चहा येईपर्यंत मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नजर टाकते. मोरीच्या कडेला एकटा ठेवलेला एक पेला असतो. चरे पडलेला, नाहीतर कान तुटलेला कप. भांडी घासायला येते तिचा. "तसं काही नाही हो, तिला तोच आवडतो." लातूरलाही असतो, नांदेडलाही, पुण्यालाही. तुमच्याही घरी आहे. आहे, मला माहीत आहे.

उष्टं द्यायचं काम तुमच्या घरानं भरपूर केलंय, घ्यायचं बाकी आहे. तेव्हा हा कागद खाली ठेवा. उठा. ती उद्या आली की तो पेला भरून तिच्या हातात द्या. तिला आधी पिऊ द्या. मग त्याच पेल्याला, न धुता, तुमचं तोंड लावा.

जमत नसेल तर कारण सांगा. मोठ्यानं. तिच्यासमोर. तीन मिनिटं आहेत तुमच्याकडं.